एल साल्वादोरच्या मतदारांविषयी आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना
साष्टांग नमस्कार.

बाबा, न्यायालयालाच वाकवणाऱ्या राष्ट्राध्यक्ष नायीब बुकेले यांना मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरचे लोक डोक्यावर का घेतात, असे तुम्ही फोनवर विचारले होते. आई, त्यांना कळत नसेल, असे तू म्हणालीस. पण त्यांना पुरते कळते, असे मला वाटते.

जेमतेम साठ लाख वस्तीच्या त्या देशात २०१५ साली ६,६०० हून अधिक खून झाले. टोळ्या फेरीवाल्यांपासून बसचालकांपर्यंत सर्वांकडून खंडणी उकळत, आणि एका टोळीच्या वस्तीतून दुसरीच्या वस्तीत पाऊल टाकणे जिवावर बेतत असे. तीस वर्षे दोनच पक्षांनी राज्य केले. त्यांच्या राष्ट्राध्यक्षांपैकी आंतोनियो साका भ्रष्टाचारासाठी तुरुंगात गेले आणि मौरिसियो फुनेस निकाराग्वाला पळाले. म्हणूनच १ मे २०२१ रोजी बुकेले यांच्या पक्षाचे बहुमत असलेल्या नव्या संसदेने पहिल्याच दिवशी घटनापीठाचे पाच न्यायाधीश हटवले, तेव्हा आपले काही गेले असे बहुतेकांना वाटले नाही, कारण त्या न्यायालयाने त्यांची खंडणी कधी थांबवली नव्हती.

मार्च २०२२ मध्ये टोळ्यांविरुद्ध आणीबाणी आली आणि वस्त्या खरोखरच शांत झाल्या. सुरक्षित घरात वाढलेल्या मला त्या शांततेला क्षुल्लक म्हणण्याचा अधिकार नाही. (१९७५ मध्ये गाड्या वेळेवर धावतात म्हणून आपल्याकडेही आणीबाणीचे कौतुक होत होते, हे बाबा, तुम्हीच सांगितले आहे.) मात्र तेथे ८०,००० हून अधिक लोकांना अटक झाली आणि त्यांतील हजारोंना निरपराध म्हणून सरकारलाच सोडावे लागले. शांतता प्रत्येकाला रोज अनुभवता येते, अन्याय मात्र ज्याच्या घरातला माणूस उचलून नेला त्यालाच दिसतो, आणि मतदानात अशी घरे अल्पसंख्य ठरतात.

राज्यघटनेतील लागोपाठच्या फेरनिवडीची मनाई नव्या न्यायाधीशांनी दूर केली, २०२४ मध्ये बुकेले यांना सुमारे ८५ टक्के मते पडली, आणि जुलै २०२५ मध्ये संसदेने फेरनिवडीवरील मर्यादाच काढून कार्यकाळ सहा वर्षांचा केला. आई, जिचा निरपराध मुलगा अजून आत आहे, तिने दाद कोणाकडे मागावी, याचे उत्तर मला त्या ८५ टक्क्यांत सापडत नाही.

बाबा, तुमचे मत सविस्तर लिहून कळवा. फोनवर हा विषय अर्धाच राहतो.

तुमची लाडकी लेक