वाळुंज लावा, पण पाण्याजवळ आणि नर-मादी दोन्ही

महोदय,

पुण्यात मुळा-मुठेच्या काठावर कामे निघाली की ‘तोडलेल्या झाडांच्या बदल्यात देशी झाडे लावू’ असे सांगितले जाते. त्या यादीत वाळुंज असेल तर आनंदच आहे. मात्र यादीत नाव आले म्हणून झाड जगत नाही.

वाळुंज हे आपले नदीकाठचे मूळ झाड, विलोचाच देशी प्रकार. बागेतला झुकत्या फांद्यांचा विलो चीनमधून आलेला, तो याच्या जागी चालणार नाही. वाळुंजाची पाने लांबट, खालून पांढुरकी. नर आणि मादी झाडे वेगळी असतात. हिवाळ्यात नराचे पिवळे, सुवासिक तुरे मधमाश्यांनी गजबजतात. मादीच्या कापसाळ बिया वाऱ्यावर उडतात, पण त्यांचा जीव थोड्याच दिवसांचा. तेवढ्यात त्यांना उघडा, ओला गाळ मिळाला तरच रुजतात. काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, झाले की हा गाळच संपतो. जुने झाड उभे दिसते, पण त्याच्याखाली एकही रोप नसते.

रोपे फांदीपासून सहज होतात. अंगठ्याएवढी जाड, फूटभर लांब काडी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या जागेच्या) खाली तिरका द्यावा, दोन तृतीयांश काडी मातीत जावी. कापलेली काडी सुकू देऊ नये. त्याच दिवशी लावावी, नाहीतर पाण्यात उभी ठेवावी. एका झाडाच्या सगळ्या काड्या एकाच लिंगाच्या निघतात. सगळी रोपे एकाच झाडाची असतील तर हजार लावूनही बी धरणार नाही. म्हणून फुलोऱ्याच्या वेळीच नर-मादी झाडांवर खूण करून ठेवावी आणि दोन्हींच्या, शक्यतो अनेक झाडांच्या काड्या घ्याव्यात.

जूनमध्ये थेट काठावर लावलेली काडी पहिल्याच पुरात जाते. पावसाळ्यात पिशवीत रोप वाढवून पूर ओसरल्यावर ऑक्टोबरात लावले, तर पुढच्या पुरापर्यंत मुळे धरायला सात-आठ महिने मिळतात. जागा मात्र पाण्यालगतचीच हवी. भिंतीच्या वर, भरावावर लावलेली वाळुंज मे महिन्यात वाळते, तिथे करंज लावावा. शेळ्यांपासून पहिली दोन वर्षे कुंपण लागते, आणि जुन्या झाडांच्या बुंध्याशी राडारोडा पडता कामा नये. मुळांना हवा मिळत नाही.

झाडे तोडण्याची परवानगी देताना पिचिंगविना किती काठ राखणार, हे मीटरमध्ये लिहून घ्यावे, अशी पालिकेला विनंती आहे.

– नदीकाठच्या झाडांचे एक अभ्यासक, पुणे