बारा पानांची गोष्ट बारा पानांतच राहू दे

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज रात्रीच वाचला. फोन करणार होतो, पण फोनवर तू हमखास विषय बदलतोस, म्हणून सरळ लिहायलाच बसलो. 'कथासंग्रह खपत नाहीत, कादंबरी असेल तर बघू' असं एका प्रकाशकाने म्हटलं काय आणि तू लगेच त्या दोन भावांच्या कथेची कादंबरी करायला निघालास काय! अरे बारा पानांत घट्ट बसलेली गोष्ट आहे ती, पाणी घालून दोनशे पानं करशीलही, पण मग शेवटचं ते कुलूप कुणाला आठवणार?

मी सध्या परत जीए, म्हणजे आपले कथाकार जी. ए. कुलकर्णी, वाचतोय. आपण कॉलेजात काळा चष्मा, गूढ माणूस वगैरे ऐकून वाचायचो, पण आता वाचताना मला त्यांच्या आयुष्याचा सरळपणाच जास्त दिसतोय. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचं, सभा-समारंभ टाळायचे, आणि घरी बसून कथा लिहायच्या, बस. १९५९ ला 'निळासावळा' आलं, १९७७ ला 'पिंगळावेळ', मध्ये 'पारवा', 'हिरवे रावे', 'रक्तचंदन', 'काजळमाया' वगैरे, सगळ्या कथाच. पुढे पुढे त्यांच्या कथा लांबत गेल्या हे खरं, 'रमलखुणा'त तर दोनच आहेत, पण त्या आतूनच लांब आहेत रे, कुणी पानं वाढवून मागितली म्हणून नाही. आणि गंमत बघ, या माणसाने कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, 'रान', 'शिवार', 'गाव', म्हणजे कादंबरी कशी उभी राहते ते ओळ न् ओळ हाताखालून गेलं होतं, तरी स्वतःची म्हणून कादंबरी काही लिहिली नाही.

त्यांची 'स्वामी' ही कथा काल पुन्हा वाचली. मठात भुयारात कोंडलेला तो माणूस, आणि वरच्या उजेडाकडे चढत जाणारा तो वेल. माझा श्वास अडकला होता खरंच, मध्येच उठून खिडकी उघडली मी (हसू नकोस). आता याचीच कादंबरी केली असती तर मठाचा इतिहास आला असता, त्याचं आधीचं आयुष्य आलं असतं, आणि आपण निवांत चहा पीत वाचली असती.

साहित्य अकादमीचं तर तुला माहितीच आहे, १९७३ चा पुरस्कार 'काजळमाया'ला मिळाला, मग पुस्तकाच्या प्रकाशन तारखेवरून वाद झाला, आणि यांनी पुरस्कार परत करून टाकला. मला तो बाणेदारपणा वगैरे म्हणून ग्रेट वाटत नाही एवढा, मला वाटतं त्यांना त्या कटकटीतून सुटायचं होतं. पण सुटले की नाही? तू मात्र एका माणसाच्या एका वाक्यात अडकून बसलायस.

हां, त्यांना महिन्याचा पगार होता, हे मी विसरलेलो नाही. तुझीही नोकरी आहे ना पण! संग्रहावर घर चालवायचं नाहीये तुला.

तर ती कथा जशी होती तशीच मला मेल कर, कादंबरीची फाईल नको. आणि माझं 'काजळमाया' तुझ्याकडेच आहे, पाठीवरची पट्टी निघालेलं. नाही म्हणू नकोस, मागच्या वेळी तुझ्या टेबलावर बघितलंय मी.

तुझाच,
पुस्तकवाला