तक्रार पत्र: जुन्या म्युझिक प्लेयरमधला संग्रह नव्यात अपुरा उतरल्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
होम ऑडिओ विभाग

विषय: अदलाबदल योजनेत घेतलेल्या नव्या प्लेयरमध्ये जुनी ध्वनिमुद्रणे गहाळ होणे, नावे तुटणे, तसेच जुना प्लेयर परत मागण्यास हरकत.

महोदय,

मी मालवण तालुक्यात राहतो. आपल्या कंपनीचा हार्ड डिस्कवाला म्युझिक प्लेयर आमच्या घरी बरीच वर्षे उत्तम चालला. त्याचे सुटे भाग आता येत नाहीत, असे आपल्या कुडाळच्या विक्रेत्याने सांगितले आणि अदलाबदल योजनेत नवा प्लेयर घ्यायला लावला. योजनेच्या पत्रकावर "सर्व गाणी, नावे व याद्या जशाच्या तशा नव्या प्लेयरमध्ये" असे ठळक छापले आहे. त्या एका ओळीवर विसंबून मी पैसे भरले. पत्रकाची आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

आपल्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे दोन्ही प्लेयर एकाच राउटरला केबलने जोडून रात्रभर चालू ठेवले. सकाळी पडद्यावर "स्थलांतर पूर्ण, 100 टक्के" असे आले आणि त्याच्या खालीच विचारणा होती की जुन्या यंत्रातला डेटा पुसायचा का. मी "नाही" दाबले, म्हणूनच आज हे पत्र लिहायला माझ्या हाती काही उरले आहे.

बाजारात मिळणाऱ्या सीडींवरून घेतलेली गाणी बहुतेक आली. ती गेली असती तरी पुन्हा मिळाली असती. माझी तक्रार आहे ती घरच्या कॅसेटींवरून प्लेयरच्या लाइन-इनने (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या जोडणीने) उतरवून घेतलेल्या भजनांबद्दल. माझे वडील गावच्या भजन मंडळात होते. गौरी-गणपतीत आणि जत्रेत झालेल्या डबलबाऱ्या, म्हणजे दोन बुवांचे भजनाचे सामने, त्यांनी जमतील तशा टेपवर घेतल्या. आमच्याकडची दमट खारी हवा आपणास ठाऊक नसेल. त्या कॅसेटींना बुरशी धरली आहे, पट्टी एकमेकींना चिकटते आणि टेपमध्ये घातली की तुटते. प्लेयरमध्ये आहे तेवढेच आता उरले आहे.

त्यातल्या एका बारीत बुवा, म्हणजे मुख्य गायक, गजर सुरू करतात आणि मध्येच थांबतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाचा आवाज चढलेला असतो; तो ओल्या कणकेने खाली आणतात. "रे, ठेको बसना नाय, कणीक लाय आधी," असे ते पखवाजवाल्याला म्हणतात. मग कणीक थापल्याचा ओला आवाज, दोन-तीन थापा, कुणाचे तरी खोकणे, आणि पुन्हा पहिल्यापासून गजर. या वेळी झांजा आणि चक्की ही भजनाची वाद्ये बरोबर ठेक्यात येतात आणि कोरसमध्ये वडिलांचा आवाज सगळ्यांच्या वर जातो. हे मुद्रण नव्या प्लेयरमध्ये नाही.

ते का नाही, हे आपल्या कस्टमर केअरने शोधले नाही. माझ्या पुतण्याने शोधले. त्याने दोन्हीकडच्या फाइली संगणकावर शेजारी शेजारी मांडल्या. जुन्या प्लेयरमध्ये दोन गजरांची नावे "डबलबारी गजर पहिला" आणि "डबलबारी गजर दुसरा" अशी होती. नव्यात एकच फाइल आहे, "डबलबारी गज" आणि पुढे एक चौकोन. संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, 3 बाइट घेते. आपले स्थलांतर नाव 30 बाइटवर कापते. "डबलबारी गज" इथवर 28 बाइट होतात, उरलेल्या 2 बाइटांत "र" मावत नाही आणि त्याचा चौकोन होतो. दोन्ही नावे अशी कापली की अगदी सारखी होतात आणि मागून आलेली फाइल आधीच्या फाइलीवर लिहिली जाते. पहिला गजर असा पुसला गेला. त्याच सुरुवातीच्या नावांच्या इतर फाइलींचीही हीच गत झाली. पडद्यावर मात्र कसलीही चूक दाखवली नाही.

30 बाइटांची मर्यादा ही एमपी3 फाइलीत गाण्याचे नाव लिहिण्याच्या अगदी जुन्या आयडी3 पद्धतीतली आहे. त्यानंतरच्या पद्धतीत लांब नावे आणि युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची एकच अक्षरसंहिता) दोन्ही चालतात. युनिकोडमध्ये देवनागरी तर 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तेव्हा "नावे इंग्रजीत टाकून पाहा" हे जे उत्तर मला फोनवर मिळाले, ते मला मान्य नाही. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या यंत्रात मराठी नाव धड राहिलेच पाहिजे. इंग्रजीत टाकले असते तरी 30 अक्षरांनंतर तेही कापलेच गेले असते.

दुसरी गोष्ट मला याहून गंभीर वाटते. लाइन-इनने घेतलेली मुद्रणे जुना प्लेयर डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवतो, पण बुवांचे नाव, गाव, साल आणि कोणता अभंग ही माहिती त्या फाइलीत लिहीत नाही. ती प्लेयरच्या आतल्या स्वतंत्र डेटाबेसमध्ये राहते आणि तो डेटाबेस बाहेर काढायची सोय आपण दिलेली नाही. पुतण्याने फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, तेव्हा या माहितीच्या जागी नुसते आकड्यांचे क्रमांक आले. ही माहिती मी मंडळातल्या म्हाताऱ्या माणसांना मुद्रणे ऐकवून, विचारून विचारून भरली होती. त्यातली काही माणसे आता नाहीत. ती माहिती माझी आहे, कंपनीची नव्हे, आणि ती आपल्या कुलपात अडकली आहे.

याद्यांचेही तेच. यादी म्हणजे शेवटी फाइलींच्या पत्त्यांचा साधा मजकूर. फाइलींची नावे बदलली की पत्ते चुकतात, म्हणून चतुर्थीची आणि एकादशीची अशा माझ्या दोन्ही याद्या नव्या प्लेयरमध्ये रिकाम्या दिसतात.

आता आपल्याकडून संदेश येतो आहे की महिनाअखेर जुना प्लेयर जमा करावा, अन्यथा सवलतीची रक्कम वसूल केली जाईल. तो जमा केला तर सारेच गेले. तपासणीसाठी यंत्र कोल्हापूरच्या सेवा केंद्रात आणून द्या, असेही सांगण्यात आले. ऐन पावसात, घाटात दरडी कोसळत असताना ही चालती हार्ड डिस्क गाडीत घालून न्यायला मी तयार नाही. तंत्रज्ञ इथे पाठवावा.

माझे म्हणणे असे की, जुन्या प्लेयरमधला डेटाबेस मला साध्या मजकुराच्या किंवा तक्त्याच्या फाइलीत, देवनागरीसह, काढून द्यावा. स्थलांतराचा प्रोग्राम दुरुस्त करावा. सारखे नाव आढळल्यास जुनी फाइल पुसण्याऐवजी नव्या फाइलीला क्रमांक जोडला जावा, आणि शेवटी दोन्हीकडच्या फाइलींची संख्या पडद्यावर दिसावी. हे होईपर्यंत जुना प्लेयर माझ्याकडेच राहील आणि सवलतीची वसुली होणार नाही, असे लेखी कळवावे. ज्यांनी ही योजना घेतली आहे त्या सर्व ग्राहकांना, जुना डेटा पुसण्यापूर्वी थांबा, असा संदेश आजच पाठवावा. त्यात एक दिवसही घालवू नये, कारण "हो" दाबलेल्या माणसाला परतीचा रस्ता नाही.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, त्यामुळे पुढचे पाऊल सिंधुदुर्गनगरीला पडेल.

दोन्हीकडच्या फाइलींच्या नावांचा तक्ता आणि पडद्याची छायाचित्रे सोबत आहेत. तंत्रज्ञ येण्याआधी एक दिवस फोन करावा. वीज असेल तीच वेळ मी कळवीन.

आपला,
(सही)
ग्राहक, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग