‘नवशिक्यांसाठी संपूर्ण’ मधमाशीपालन संचातील सदोष बुरखा आणि चुकीच्या मापाच्या पेटीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मधमाशीपालन साहित्य विक्री विभाग

विषय : सदोष संरक्षक साहित्यामुळे झालेली इजा, दिशाभूल करणारे वर्णन, पूर्ण रकमेचा परतावा आणि विक्री थांबवण्याबाबत.

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

भुदरगड तालुक्यातल्या आमच्या महिला बचत गटाने आपल्याकडून नवशिक्यांसाठीचा संपूर्ण संच विकत घेतला. बुरखा जोडलेला अंगरखा, हातमोजे, धूर देणारा स्मोकर, चौकटी सैल करायची पट्टी, चौकटींसह पेटी, पोळे बांधायला आधार देणारी मेणपत्रे, राणीमाशीला मधाच्या कोठीत जाऊ न देणारी राणीजाळी आणि मध काढायचे, हाताने फिरवायचे मधयंत्र असे सगळे एकाच ठिकाणी मिळते, म्हणून गटाच्या बचतीतून हा खर्च केला. आपल्या वर्णनात ‘भारतातील सर्व मधमाश्यांसाठी उपयुक्त’ आणि ‘संपूर्ण संरक्षण’ असे दोन दावे आहेत. दोन्ही खोटे निघाले. दुसऱ्या दाव्यावर विश्वास ठेवल्यामुळे आमच्या एका सभासद ताईंना पापणीवर आणि गळ्यावर डंख बसले.

जांभळाला फुलोरा आला होता. पेटी उघडून चौकट उचलण्यासाठी त्या वाकल्या आणि माश्या थेट बुरख्याच्या आत शिरल्या. अंगरख्याची आणि बुरख्याची अशा दोन चेन गळ्याशी एकमेकींना भेटतात, तिथे बोट सहज आत जाईल एवढी फट राहते. चांगल्या पोशाखात ही जागा झाकायला चिकटणारी कापडी पट्टी शिवलेली असते. आपल्या छायाचित्रातल्या पोशाखाला ती पट्टी आहे, आम्हाला पाठवलेल्या पोशाखाला नाही. शिवण उसवली किंवा पट्टी गळून पडली असेही नाही, कारण तिथे शिवणीची खूणच दिसत नाही. सोबतची छायाचित्रे कृपया मोठी करून पाहा.

उघड्यावर माशी अंगावर बसली तर झटकता येते, दूर होता येते. बुरख्याच्या आत शिरलेल्या माशीला बाहेर जायला वाट नसते आणि माणसालाही चेहऱ्यापर्यंत हात नेता येत नाही. त्यात पहिला डंख बसला की त्या जागेतून धोक्याचा गंध सुटतो आणि तो गंध इतर माश्यांनाही डंख मारायला चेतवतो. कामकरी माशीचा काटा त्वचेत अडकून राहतो, विषाची पिशवी त्याला जोडलेली असते आणि माशी उडून गेल्यावरही ती पिशवी विष आत ढकलत राहते. म्हणून काटा ताबडतोब खरवडून काढायचा असतो. बुरखा घातलेल्या माणसाला तेही करता येत नाही. आधी पेटीपासून दूर जायचे, मग चेन उघडायची, तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

आमच्यासोबत अनुभवी मधपाळ काका होते. त्यांनी ताईंना लगेच झाडांच्या आड नेले, बुरखा उतरवला आणि नखाने काटे काढले. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी उपचार करून श्वासावर परिणाम होत नाही ना, हे पाहण्यासाठी त्यांना थांबवून ठेवले. डोळा वाचला. ज्या व्यक्तीला माशीच्या विषाची तीव्र ॲलर्जी असते तिच्या जिवावर हे बेतू शकते, आणि आपल्याला अशी ॲलर्जी आहे की नाही हे नवशिक्या माणसाला बहुतेक वेळा ठाऊकच नसते.

आपल्या ग्राहक सेवेकडून उत्तर आले की फटीवर चिकटपट्टी लावावी आणि साहित्य प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली वापरावे. देखरेख होतीच, हे वर लिहिले आहे. पण या उत्तरामागचा विचारच मला मान्य नाही. आमचे काका सातेरी या देशी मधमाशीच्या पेटीत उघड्या हाताने काम करतात, कारण चौकट किती हळू उचलायची आणि कोणत्या आवाजाला पेटी बंद करायची, हे त्यांच्या हातांना माहीत आहे. नवशिक्याचा हात थरथरतो, चौकट आपटते, माशी चिरडते आणि पेटी चिडते. चुका होणार हे गृहीत धरूनच नवशिक्याला बुरखा द्यायचा असतो. त्यामुळे सगळ्यात भक्कम बुरखा नवशिक्याच्या संचात असला पाहिजे, आणि आपण तिथेच सगळ्यात हलका माल भरला आहे.

बुरख्याचे इतर दोषही गंभीर आहेत. टोपीच्या काठात तार नाही, त्यामुळे वाकले की जाळी नाका-गालाला चिकटते आणि माशीला जाळीबाहेरूनही डंख मारता येतो. समोरची जाळी पांढरी आहे. उन्हात ती चमकते आणि पोळ्याच्या घरांतली अंडी दिसत नाहीत. पोशाख फिकट रंगाचा आणि तोंडासमोरची जाळी काळी, ही साधी गोष्ट कोणताही मधपाळ सांगेल. हातमोज्यांवर ‘चामडे’ असे छापले आहे, प्रत्यक्षात ते लेप दिलेले पातळ कापड आहे. स्मोकरच्या तळाशी निखारे अडवणारी छिद्रांची चकती नाही, त्यामुळे भाता दाबला की धुराबरोबर ठिणग्या बाहेर येतात. आमच्याकडे उन्हाळ्यात डोंगरभर वाळलेले गवत असते. तिथे यातून वणवा लागू शकतो.

आता पेटीबद्दल. सह्याद्रीच्या या पट्ट्यात आम्ही सातेरी पाळतो. आपण पाठवलेली पेटी, चौकटी, मेणपत्रे आणि राणीजाळी ही सगळी मेलिफेरा, म्हणजे युरोपियन माशीच्या मापाची आहेत. सातेरी अंगाने लहान, तिची पोळी जवळजवळ असतात आणि पोळ्यातली घरेही लहान असतात. मेलिफेराच्या चौकटी एका मध्यापासून दुसऱ्या मध्यापर्यंत सुमारे 35 मिलिमीटरवर बसतात, सातेरीला साधारण 31 पुरतात. पेटीत माशीला ये-जा करण्यापुरतीच फट ठेवावी लागते, त्याहून मोठी झाली की माशी तिथे पोळे बांधते. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये हे ओळखले आणि त्यावरच हलत्या चौकटींची आजची पेटी उभी आहे. आमच्या पेटीत व्हायचे तेच झाले. सातेरीने चौकटी सोडून मधल्या जागेत आडवी पोळी बांधली. एक चौकट उचलली की शेजारचे पोळे फाटायचे आणि पिले उघडी पडायची. राणीजाळीच्या फटीतून राणी वर मधाच्या कोठीत गेली आणि तिथेही अंडी घातली. सातेरी मुळातच त्रास झाला की घर सोडणारी माशी आहे. आमची वसाहत निघून गेली.

सातेरीच्या आणि मेलिफेराच्या पेट्यांची मापे वेगळी असतात हे या व्यवसायात कोणापासून लपलेले नाही. आपल्या देशात मधपेट्यांसाठी आयएस 1515 हे मानक आहे. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मधमाशीपालनाचे साहित्य विकणाऱ्या कंपनीला यापैकी कुठेही विचारता आले असते. निदान कोणत्या माशीसाठी हे साहित्य आहे, एवढे तरी वर्णनात लिहिता आले असते.

मधयंत्राची टाकी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची आहे. मध आम्लधर्मी असतो, अशा पत्र्यात तो काढू नये. अन्नासाठी चालणारे स्टेनलेस स्टील हवे. आम्ही ते यंत्र वापरलेलेच नाही.

परत करण्याची मुदत संपल्याचे आपण कळवले आहे. हंगाम सुरू झाल्याशिवाय पेटी उघडता येत नाही, आणि पेटी उघडल्याशिवाय बुरख्याची परीक्षा होत नाही. शिवाय माल सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 सांगतात. सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये स्पष्ट आहे.

आमची मागणी अशी की संपूर्ण संचाची बिलातील रक्कम आणि ताईंच्या औषधोपचाराचा खर्च परत मिळावा. संच आपल्या खर्चाने उचलून न्यावा, मात्र बुरखा पुरावा म्हणून आमच्याकडेच राहील. निघून गेलेल्या वसाहतीची भरपाई आपण किती देता, हे लेखी कळवावे. आणि पैशांपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे हा बुरखा ज्यांनी ज्यांनी घेतला आहे त्या प्रत्येक ग्राहकाला गळ्याजवळच्या फटीची सूचना आजच पाठवावी आणि दुरुस्ती होईपर्यंत त्याची विक्री थांबवावी. आमच्या ताईंना जे सोसावे लागले ते दुसऱ्या कुणाला सोसावे लागू नये, यासाठी मी हे पत्र इतक्या तपशिलाने लिहिले आहे. अंगरख्यावर उत्पादकाचे नाव नाही. उत्पादक कोण आणि माल कोणत्या देशात तयार झाला, हेही कळवावे.

वरील नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून आम्ही आमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार करू. तसा ठराव गटाच्या बैठकीत झाला आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
अध्यक्षा, महिला बचत गट
ता. भुदरगड, जि. कोल्हापूर

सोबत : बिलाची प्रत, वर्णनाच्या पानाची छापील प्रत, बुरखा, चौकटी व स्मोकरची छायाचित्रे, रुग्णालयाचे कागद, ग्राहक सेवेचे उत्तर.