मेस्त्री, तुम्ही आधी आईचा पाय मोजलात

मेस्त्री, नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमच्या गाडी दुरुस्तीच्या शेडमध्ये उभं राहून मला काही बोलताच आलं नाही. त्या दिवशी मी नुसता नोटा मोजत राहिलो आणि तुम्ही त्यातल्या काही परत माझ्या खिशात कोंबल्यात. तुम्हाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमची सून निपाणीची आहे, ती वाचून दाखवेल. तिला सांगा, सावकाश वाच आणि मधलं काही गाळू नकोस.

ज्यांना आमची गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. आमचं गाव खानापूर तालुक्यात. जांबोटी सोडून कणकुंबीकडे निघालं की चोर्ला घाटाच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत उतरावं लागतं. मलप्रभा जिथं उगम पावते तो हा मुलूख. जूनमध्ये पाऊस लागला की गणपतीपर्यंत उसंत नसते. आमच्या वाटेवर एक ओहोळ आडवा येतो. त्यावर फरशी आहे, पण फरशीच्या दोन्ही अंगांची माती पाण्यानं खरवडून नेली आणि धोंडे उघडे पडलेत. साध्या गाडीचं पोट तिथं घासतंच. आमच्या बाजूच्या जंगलातल्या कितीतरी गावांना आजही धड रस्ता नाही, आजारी माणसाला बांबूला घोंगडी बांधून खांद्यावरून आणावं लागतं. माझ्या वडिलांना आम्ही असंच आणलं होतं. ते डांबरी रस्त्यापर्यंत पोचले, दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत.

म्हणून आईच्या किडन्या गेल्या असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पहिला आला तो ओहोळच. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, बेळगावला जायचं, चार तास डायलिसिसच्या यंत्रावर पडायचं, संध्याकाळी परत यायचं. पावसाळा असो नाहीतर काही असो, चुकवून चालत नाही. माझ्याकडे पिकअप होती, डबल कॅबिन, फोर बाय फोर. भाताची पोती, काजू, कधी शेजाऱ्याची म्हैस, सगळं तिच्यातूनच जायचं. ती उंच करून घ्यायची असं ठरवलं.

पहिल्यांदा मी तुमच्याकडे आलो नव्हतो, हे सांगताना आजही वाईट वाटतं. शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. काचेचं ऑफिस, भिंतीवर उंच गाड्यांचे फोटो. त्यांनी विचारलं, किती इंच हवंय? मला काय कळतं? ते म्हणाले, चार इंच करा, मग बघायलाच नको. पासष्ट हजार घेतले आणि दोन दिवसांत गाडी दिली. दिसायला झकास होती. गावात पोरं तिच्याभोवती गोळा झाली.

पण साठच्या पुढं गेलं की गाडी थरथरायची. पोती भरून घाट उतरताना ब्रेक मारला की तो लागायच्या आधी एक क्षण पोटात गोळा यायचा. मी तीनदा त्या दुकानात गेलो. पहिल्यांदा म्हणाले, नवीन आहे, वापरून बसेल. दुसऱ्यांदा म्हणाले, तुमचे रस्तेच तसले. तिसऱ्यांदा मालक बाहेरच आला नाही.

आणि आईला त्या गाडीत चढताच येईना. पंचाहत्तर वर्षांची बाई, साडेचार फुटांची, नऊवारी नेसणारी. मी त्यांना तेही सांगितलं होतं. काउंटरवरचा मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "एक स्टूल ठेवा की गाडीत." मी खरंच प्लास्टिकचं स्टूल घेऊन फिरायला लागलो. एका शुक्रवारी डायलिसिस संपवून आम्ही बाहेर आलो, पाऊस होता, ओलं स्टूल आईच्या पायाखालून सरकलं. गुडघा फुटला. तिथं चार माणसं बघत होती आणि ती रस्त्यावर बसून लुगडं सारखं करत होती. पुढच्या मंगळवारी ती आवरून बसलीच नाही. "मला नको तो दवाखाना. तुझ्या गाडीत मला चढायला होत न्हाई," एवढंच बोलली. ती फेरी चुकली. दोन दिवसांत तिचे पाय सुजून असे झाले की बोट टेकलं तर खळगा तसाच राहायचा.

त्याच आठवड्यात खानापुरात पंक्चर काढणाऱ्यानं तुमचं नाव सांगितलं. उद्यमबागेच्या मागच्या गल्लीत, पत्र्याची शेड, बाहेर बोर्ड नाही.

तुम्ही गाडीकडे बघितलंत, गोणपाट टाकलंत आणि बॅटरी घेऊन खाली शिरलात. वीस मिनिटं तुमचे नुसते पाय दिसत होते. बाहेर आल्यावर शिवी घातली नाहीत, हसलाही नाहीत. मागून चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, जॅकवर उचललीत, चाक लोंबू दिलंत आणि मला आत बोलावलंत. "बोट लाव इथं." ब्रेकचा रबरी पाइप होता, ताणून ताणून तंबोऱ्याच्या तारेसारखा झालेला. गाडी चार इंच वर नेली होती, पाइप मात्र जुनाच, तेवढ्याच लांबीचा. मग कमानीखालचे, म्हणजे मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगखालचे, ठोकळे दाखवलेत, एकावर एक दोन. चासी आणि ॲक्सलच्या मधली सळई दाखवलीत. ती ज्या व्हॉल्व्हला जोडलेली असते त्याला म्हणे गाडीच्या उंचीवरून माल किती आहे ते कळतं. गाडी ठोकळ्यांवर चढवली आणि सळई तशीच ठेवली, तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे, आणि तो मागच्या ब्रेकला दाब कमी देतो. घाटातला माझ्या पोटातला तो गोळा कुठून येत होता हे मला तेव्हा कळलं. त्याच गाडीतून मी महिनाभर आईला नेत होतो.

मग तुम्ही विचारलंत, "गाडी कुणासाठी उचललास? फोटोसाठी का माणसासाठी?"

मी आईचं सांगितलं. स्टुलाचंही सांगितलं. तुम्ही हात पुसत होतात, तेवढ्यात थांबलात. म्हणालात, "अव्वाला घेऊन ये. दवाखान्याच्या आधी नको. डायलिसिस झाल्यावर आण. दमल्यावर पाय किती उचलतो ते बघायचं हाय."

मेस्त्री, हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. डायलिसिस करून आलेलं माणूस कसं असतं हे ज्याच्या घरात आहे त्यालाच ठाऊक. सकाळी जाताना आई दोन पायऱ्या बोलत बोलत चढते, संध्याकाळी तीच बाई उंबऱ्याला हात टेकते. मी तिचा पोटचा पोरगा, आणि मला हे सुचलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिला आणलं. तुम्ही शेडमधली दोन्ही यंत्रं बंद करायला सांगितलीत. लोखंडी खांबाला धरून तिला उभं केलंत आणि कानडीत, मग मराठीत म्हणालात, "सावकाश, अव्वा. घाई न्हाई. जमंल तेवढाच उचला." आईनं पाय उचलला. तुम्ही उकिडवे बसून तिच्या टाचेमागं खांबावर खडूनं रेघ मारलीत. तिला खुर्चीत बसवलंत, पाणी दिलंत. पुन्हा उभं केलंत, पुन्हा रेघ. तिसऱ्यांदा पाय जरा खालीच राहिला. ती म्हणाली, थांब, आणखी वर जातोय. तुम्ही म्हणालात, नको. आणि तिन्हीतली सगळ्यात खालची रेघ धरून टेप लावलीत. साडेनऊ इंच.

मग विचारलंत, सुई कुठल्या हाताला लावतात? डाव्या. डायलिसिसच्या हातावर भार द्यायचा नसतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं का, मी विचारलं नाही. डाव्या दारातून चढताना माणूस पुढच्या खांबाला डाव्या हातानं धरतो, कंपनीची कडीही तिथंच असते. तुम्ही दाराच्या मागच्या खांबावर उजव्या हातासाठी वेगळी कडी बसवलीत आणि तिला सुती दोरी गुंडाळलीत, लोखंड हाताला गार लागू नये म्हणून.

बाकी काम काय काय केलंत ते सगळं लिहीत बसत नाही. ठोकळे काढून फेकलेत, कमानीत एक पाटा वाढवलात, पुढच्या स्प्रिंगा बदलल्यात, लांब पाइप घातलात, सळई बरोबर बसवलीत, हेडलाइट खाली केलेत. दोन इंचांच्या वर हात लावणार नाही म्हणालात. त्याच्यावर नेलं की पुढच्या शाफ्टचे कोन बिघडतात, त्याच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटतात, वळणावर गाडी कलते. आणि त्या दुकानात कुणीच न सांगितलेली गोष्ट सांगितलीत: कमान कितीही उचलली तरी मागच्या ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा तिथंच राहतो, धोंडा आधी त्यालाच लागतो, तेव्हा ओहोळात धोंडा मधे न घेता चाकाखाली घे. काम हातात घेण्याआधीच मला आरटीओत आणि विमा कंपनीत पाठवलंत, कारण मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाप्रमाणे आरसीतल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मनानं करता येत नाही. पासष्ट हजार घेणाऱ्यांनी याचा शब्दही काढला नव्हता. कागदपत्रांसाठी मी आठवडाभर खेटे घातले, तेवढ्या दिवसांत तुम्ही तुमच्या पुतण्याची गाडी ड्रायव्हरसकट आमच्यासाठी पाठवलीत.

आणि ती पायरी. साडेनऊ इंचांवर लोंबणारी पायरी ओहोळातल्या धोंड्याला लागली असती, मग गाडी उंच करून उपयोग काय? तुम्ही चेकर्ड पत्रा कापलात, बिजागरीवर बसवलात, साखळीनं वर ओढून अडकवता येईल असा केलात. वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून लावल्यात, पाय घसरू नये म्हणून. कडा कानशीनं घासून त्यावर स्वतःचा अंगठा फिरवून बघितलात. नऊवारीचा काठ अडकेल का म्हणून आईला दोनदा चढउतार करायला लावलंत.

त्याचे पैसे विचारले तर म्हणालात, "गाडीचं बिल दिलास की. अव्वाच्या पायाचं कसलं बिल?"

आमच्या या भागात समोरचा माणूस कुठल्या भाषेतला, हे आधी बघायची सवय लागलेली आहे. 1956 पासूनचं सीमाप्रश्नाचं दुखणं आहे ते. मी मोर्चात चाललेला माणूस आहे आणि माझं मत आजही तेच आहे. तुमचंही तुमच्यापाशी असेल. पण आईला तुम्ही अव्वा म्हणालात आणि ती तुम्हाला लेका म्हणाली, तेव्हा तुमच्या शेडमध्ये मला फार हलकं वाटलं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

असली माणसं अजून आहेत हे आई आजारी पडल्यावरच मला दिसायला लागलं. पिकअप बंद असायची तेव्हा जांबोटीच्या थांब्यावर आई रस्ता ओलांडेपर्यंत बस थांबवून धरणारा कंडक्टर आहे. आत बसलेले लोक ओरडतात, तो घंटी मारत नाही. दवाखान्यातली एक सिस्टर आहे, ती सुई टोचायच्या आधी स्वतःचे हात चोळून गरम करते. यांच्या कुणाच्या कामात हे लिहिलेलं नाही, केलं नसतं तर कुणी जाबही विचारला नसता. आणि ज्यांनी पैसे मोजून घेतले, त्यांना मात्र एका म्हातारीकडे मान वर करून बघायला सवड नव्हती. मला त्यांचे पैसे परत नकोत. त्या काउंटरवरच्या मुलानं एकदा तुमच्या शेडमध्ये येऊन त्या खांबावरच्या तीन रेघा बघाव्यात, एवढंच वाटतं.

आता आमचं कसं चाललंय ते सांगतो. परवा रात्रभर कोसळत होता. सकाळी ओहोळाला पाणी होतं, पण फरशी दिसत होती, म्हणून गाडी घातली. खाली कुठं लागली नाही. बेळगावात पोचल्यावर मी पलीकडून वळून येईपर्यंत आईनं स्वतः दार उघडून साखळी सोडली होती. मी हात पुढं केला. "सर बाजूला," म्हणाली, उजव्या हातानं कडी धरली आणि उतरली. संध्याकाळी दमलेली असताना, त्याच पायरीवरून, कुणाचा हात न धरता चढली. स्टूल सरकलं त्या शुक्रवारपासून ती दवाखान्याच्या दारात खाली मान घालून चालायची. परवा शेजारच्या खाटेवरच्या बाईला पायरी दाखवायला गाडीपर्यंत घेऊन आली होती.

हजार किलोमीटर झाले की कमान धरून ठेवणारे यू-बोल्ट पुन्हा आवळायला ये म्हणाला होतात. ते या आठवड्यात होतील. शुक्रवारी डायलिसिस झाल्यावर येतो, आई बरोबर आहेच. तिनं उन्हाळ्यात केलेल्या फणसाच्या पापडांतले दोन डझन तुमच्यासाठी फडक्यात बांधून ठेवलेत, आमसुलंही आहेत. मागच्या वेळी पैसे परत केलेत ते केलेत, हे परत करू नका. ती स्वतः उतरून तुमच्या हातात देणार आहे.

तुमचा,
अव्वाचा मुलगा