तारपानाचातली माणसं मोजायला बाटल्यांची झाकणं हवी आहेत

सस्नेह नमस्कार.

डहाणू-तलासरी भागातल्या ४० अंगणवाड्यांसाठी आमच्या वाचनालयाची बालविभाग समिती ‘शोधा-मोजा’ चित्रांचे संच करते आहे. एका संचात १२ चित्रं आणि १५ झाकणं. त्यासाठी पैसे हवेत, झाकणं हवीत आणि थोडा वेळही हवा आहे. आपलं कशाला लागणार हे देणाऱ्याला कळावं, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

‘यात किती मासे लपलेत?’ छापाची चित्रं मोबाइलवर ढिगानं मिळतात. पण त्यांत पेंग्विन असतात, बर्फाची घरं असतात. जी वस्तू मुलानं कधी पाहिलीच नाही, ती ते शोधणार कशी? शिवाय ती इतकी गच्च भरलेली असतात की मोठ्यांचेही डोळे दुखतील. म्हणून इथल्याच वारली चित्रकारांकडून नवी चित्रं काढून घेत आहोत: विहीर, भातलावणी, ताडाची झाडं, आठवडी बाजार, तारपानाच (तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या सुरांवर गोलात होणारा वारल्यांचा नाच). देवचौक मात्र घेणार नाही. तो लग्नात भिंतीवर काढायचा, खेळायचा नव्हे.

वारली चित्रात एक अडचण आहे, आणि तीच त्याची ताकदही आहे. गेरूवर सगळंच पांढरं, त्यामुळे रंगाचा आधार मिळत नाही, आकारच पाहावा लागतो. हिरव्या पानांत लाल फूल असेल तर ते आपोआप डोळ्यांत भरतं. पण हंडा घेतलेली बाई शोधायची आणि आजूबाजूला हंडा नसलेल्या बायका व हंडा घेतलेले पुरुष असतील, तर एकेक आकृती तपासत जावं लागतं. अ‍ॅन ट्रीसमन आणि गॅरी जेलेड या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये हा फरक मांडला होता. लक्ष देण्याचा खरा सराव या दुसऱ्या प्रकारात होतो, पण तीन वर्षांच्या मुलाला तो झेपत नाही. म्हणून पहिली चार चित्रं रंगीत असतील: एकूण ८-१० वस्तू, शोधायच्या एक ते तीन. पुढच्या चार चित्रांत १५-२० वस्तू, शोधायच्या पाचपर्यंत. शेवटच्या चारांत ३० पर्यंत वस्तू, दोन अटी आणि उत्तर जास्तीत जास्त दहा.

वापरायची रीत साधी आहे, पण क्रम चुकवायचा नाही. आधी ‘कोंबड्या शोध’ एवढंच सांगायचं, ‘किती’ विचारायचं नाही. सापडलेल्या प्रत्येक कोंबडीवर एक झाकण ठेवायचं. मग झाकणं उचलून ओळीत मांडायची आणि एकेकाला बोट लावून मोजायचं. चित्रावरच थेट मोजायला लावलं की बोट एकीकडे आणि जीभ दुसरीकडे पळते, एक कोंबडी दोनदा मोजली जाते, कोपऱ्यातली राहून जाते. मोजून झाल्यावर विचारायचं, ‘मग किती झाल्या?’ मूल पुन्हा ‘एक, दोन...’ सुरू करत असेल, तर त्याला आकडे पाठ आहेत, पण शेवटचा आकडा म्हणजेच सगळ्यांची संख्या हे अजून उमगलेलं नाही. अशा वेळी रागवायचं नाही. तीच झाकणं दुसऱ्या टोकाकडून मोजून दाखवायची. एका वेळी दहा मिनिटं पुरे.

तारपानाचाचं चित्र सगळ्यांत अवघड. गोलात नाचणारी माणसं मोजताना सुरुवात कुठून केली हेच मूल विसरतं आणि फेऱ्या मारत राहतं. म्हणून त्यातल्या एकाच माणसाच्या डोक्यावर पागोटं काढायला सांगितलं आहे. मोजणी तिथून सुरू आणि परत तिथे आलं की बस.

प्रत्येक चित्राला पाच प्रश्न असतील. एकच प्रश्न असला तर तिसऱ्या दिवशी मुलं चित्र न बघताच उत्तर ओरडतात. पाचातल्या एका प्रश्नाचं उत्तर शून्य असेल: ‘मांजरं किती?’

डहाणू तालुक्यातच, १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी परिसरातल्याच वस्तू हाताशी घेऊन बालशिक्षण उभं केलं. त्या वाटेनं चिंचोके वापरायचा मोह होतो, पण चिंचोका नाकात जातो. म्हणून पाण्याच्या बाटलीची झाकणं घेत आहोत, आणि सेविकाताईंच्या मांडीवरच्या धाकट्यांच्या हाती तीही द्यायची नाहीत. झाकण साधारण तीन सेंटिमीटरचं, म्हणून प्रत्येक आकृती निदान चार सेंटिमीटरची आणि दोन आकृत्यांत बोटभर मोकळी जागा. ए-थ्री कागदावर हे बसतं, ए-फोरवर बसत नाही. लॅमिनेशन बिनचकाकीचं हवं. चकचकीत कागदावर दारातला उजेड पडला की अर्धं चित्र दिसेनासं होतं.

खर्चाचा हिशेब असा. चित्रकारांचं मानधन १२ चित्रांना प्रत्येकी १,५०० प्रमाणे १८,००० रुपये. हे आधी द्यायचं आहे, त्यात घासाघीस करणार नाही. छपाई ३५ आणि लॅमिनेशन ४० मिळून एका चित्राला ७५, म्हणजे संचाला ९०० आणि ४० संचांना ३६,०००. एकूण ५४,०००. एका अंगणवाडीचा अख्खा संच कुणी उचलला तर उत्तमच. कुणी ७५ रुपये दिले तरी एक चित्र होतं. देणगीवरची प्राप्तिकर सवलत आमच्याकडे नाही. पावती मात्र प्रत्येकाला मिळेल.

झाकणं ६०० लागतील. एकाच आकाराची, साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवलेली आणि खालचं तुटकं कडं काढलेली द्यावीत. त्या कड्याला धार असते.

छपाईआधी तीन अंगणवाड्यांत कच्ची चित्रं वापरून पाहायची आहेत. त्यासाठी सहा जण हवेत, आठवड्यातून एक सकाळ, चार आठवडे. मूल कुठे अडलं, काय सुटलं, एवढंच वहीत लिहायचं. उत्तर सांगायची घाई करणाऱ्यांनी कृपया झाकणं धुण्याचं काम घ्यावं.

रक्कम, झाकणं आणि नावनोंदणी वाचनालयात संध्याकाळी ५ ते ७, सोमवार सोडून रोज.

— बालविभाग समिती