वायरिंगवाले दादा, तुमचे आभार मानायचे राहिले होते

दादा, नमस्कार.

त्या दिवशी गाडी घेऊन निघताना मी नुसतं ‘थँक्यू’ म्हणालो आणि तुम्ही हात पुसत पुढच्या गाडीकडे वळलात. ते थँक्यू किती तोकडं होतं, हे मला नंतरच्या पाच महिन्यांत कळत गेलं. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण माझ्यासारखाच कुणीतरी आत्ता चांगला ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, बदलायच्या तयारीत असेल.

गाडी तुमच्याकडे आणली तेव्हा माझा धीर सुटत आला होता. थंड असताना झकास चालायची. इंजिन गरम झालं की मिसिंग सुरू. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की झटके, मग पिकअप गायब आणि चेक लाइट. बंद करून थोडा वेळ थांबलं की जणू काही झालंच नाही. तुमच्याआधी तीन ठिकाणी दाखवली होती. फिल्टर बदलले, टाकी साफ केली, लाइनमधली एअर काढली. शेवटी स्कॅनरवर दोन इंजेक्टरचे (इंधन फवारणारे भाग) आणि एका सेन्सरचे बिघाडाचे कोड एकदमच दिसले, तेव्हा सांगण्यात आलं की ईसीएम गेला.

तुम्ही स्कॅनरला हात लावला नाहीत. बॅटरीची निगेटिव्ह काढलीत, ईसीएमचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडवलात आणि टिश्यूची घडी करून त्याच्या तोंडावर दाबून धरलीत. टिश्यू उचलला तर त्यावर काळपट ठिपक्यांची ओळ उठली होती, एकेका पिनेचा एकेक ठिपका, छापल्यासारखा. तो नाकाशी नेऊन तुम्ही म्हणालात, “हे इंजिन ऑइल आहे. इथं याचं काय काम?”

मला ते पटेचना. ईसीएम इंजिनपासून केवढा लांब! मधल्या वायरिंगवर तेलाचा थेंब नाही, वरची टेप कोरडी, खाली गळती नाही. मग तुम्ही टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलंत. आमच्या इंजिनात इंजेक्टर कव्हरच्या आतच बसतात, त्यामुळे त्यांच्या वायरी सतत गरम तेलाच्या फवाऱ्यात असतात. १०० अंशांच्या आसपास तापणारं ते पातळ तेल वर्षानुवर्षं अंगावर घेऊन इन्शुलेशन कडक झालं होतं, हेडमधून बाहेर येणाऱ्या कपलरचं सील चेपून सपाट झालं होतं. तुम्ही ते जुनं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, काढलंत, त्यातली वीतभर वायर कापलीत, कापडाने बाहेरून लख्ख पुसलीत आणि माझ्यासमोर चिमटीत दाबत पुढे सरकवत नेलीत. तांब्याच्या बारीक तारांच्या टोकाला तेलाचा मणी फुगला. बाहेरून कोरडी ठणठणीत आणि आतून तुडुंब!

“दिव्यातली वात तेल कसं ओढते, तसंच हे,” तुम्ही म्हणालात. शाळेत केशाकर्षण पाठ केलं होतं, ते मला त्या मण्यात पहिल्यांदा दिसलं. तारांमधल्या फटींतून तेल पुढे सरकतं, आवरण त्याला बाहेर पडू देत नाही, म्हणून मधे कुठेच ठिबकत नाही. थेट दुसऱ्या टोकाला, कपलरमध्ये उगवतं.

मी तेव्हा एक प्रश्न विचारला होता आणि हातातलं काम थांबवून तुम्ही त्याचं उत्तर दिलंत, हे मला फार मोठं वाटतं. तेल तर वीज वाहून नेत नाही, मग बिघडतं कशाने? तुम्ही सांगितलंत की तेच तर दुखणं आहे. पिन आणि तिची पकड यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा शिरला की जोड कच्चा होतो. सेन्सरचा खेळ ५ व्होल्टांचा, त्यात जरा फरक पडला तरी ईसीएमला चुकीचं दिसतं. गरम झाल्यावर तेल जास्त सरकतं, गाडी हादरते, संपर्क सुटतो-लागतो. आठवडेच्या आठवडे छळणारं कोडं दोन मिनिटांत सुटलं.

पण खरे आभार यापुढच्या गोष्टीसाठी आहेत. आतलं हार्नेस नवं टाकलंत, टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललंत, दोन्हीकडचे कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळवलेत. गाडी सुरळीत चालू झाली. तिथेच ‘झालं काम’ म्हणाला असतात तर मी खूश होऊन गेलो असतो. तुम्ही मात्र म्हणालात, “नळ बंद केलाय. पण ईसीएमपर्यंत जाणाऱ्या मेन हार्नेसमध्ये भरलेलं तेल अजून येणार. महिनोन्‌महिने येईल. घाबरू नका, पुसत राहा.” आणि पुसायचं कसं, ते माझ्या हातून करून घेतलंत. आधी बॅटरी सुटी करायची, इंजिन थंड होऊ द्यायचं, कपलर तोंड खाली करून टिश्यूवर रात्रभर लटकत ठेवायचा, सकाळी क्लीनर मारायचा, पूर्ण सुकल्याशिवाय जोडायचा नाही. ब्रश घासायचा नाही, पिना वाकतात.

तुम्ही ते सांगितलं नसतं तर काय झालं असतं, हे मला नेमकं ठाऊक आहे. बाराव्या दिवशी गाडीने पुन्हा एक झटका दिला. मी तुमच्यावर चिडलो असतो, नवं हार्नेस खराब निघालं असं समजलो असतो आणि शेवटी ईसीएम बदलून बसलो असतो. त्याऐवजी कपलर उघडला, टिश्यू लावला, ठिपके दिसले, साफ केलं. दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर.

पहिल्या महिन्यात चारदा पुसलं, दुसऱ्यात दोनदा. मग ठिपके फिकट होत गेले. मागच्या रविवारी उघडलं तर एका कोपऱ्यातल्या दोन पिनांपुरता पिवळसर डाग होता, बाकी टिश्यू कोरा.

ती वीतभर वायर मी टाकली नाही, डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. पुढच्या ऑइल बदलीच्या वेळी गाडी घेऊन येतो. त्या दोन पिना तुमच्या नजरेखालून एकदा घालायच्या आहेत.

तुमचा,
ईसीएम न बदललेला एक गाडीवाला